गरम पाण्याच्या फाट्याची कुळकथा

एलपीजीवर चालणाऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं, की कूलंटच्या लाइनीतून काढलेला एक फाटा दिसतो. त्यातला एक रबरी होज पाइप द्रव गॅसची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरला गरम पाणी नेतो, दुसरा ते परत आणतो. थंडीत गाडी गॅसवर टाकताच बंद पडते, घाटात पिकअप सोडते, व्हेपोरायझरवर बर्फाचा पांढरा थर चढतो. अशा वेळी ठपका गॅसवर नाहीतर किटवर येतो, पण दोष पुष्कळदा या फाट्यात असतो. तो शोधायचा तर पाणी तिथवर का गेलं, हे आधी समजून घ्यायला हवं.

या फाट्याला दोन घराणी आहेत. पहिलं गॅसचं. पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वाफांचा अभ्यास अमेरिकेच्या खाण विभागातले रसायनतज्ज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनी 1910 साली हाती घेतला आणि त्यातून प्रोपेन-ब्युटेनची उपयुक्तता पुढे आली. 1913 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास. दाबाखाली दोन्ही द्रव होऊन टाकीत मावतात. मात्र दाब सुटला की द्रवाची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो आजूबाजूने ओढून घेतो. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी किंवा थोडी जास्तच एक किलो एलपीजीची वाफ व्हायला लागते.

लग्नाच्या स्वयंपाकात हे डोळ्यांनी बघायला मिळतं. मोठ्या शेगडीला लावलेला सिलिंडर तास-दोन तास चालला, की खालून गारठतो, त्याच्या अंगाला पाणी सुटतं, ज्योत बारीक होते. मग आचारी तो पाण्याच्या टबात उभा करतात आणि शेगडी पुन्हा जोरात पेटते.

गाडीत उष्णतेची ही गरज मोठी असते. टाकीच्या तळातून द्रव गॅसच पुढे येतो आणि त्याची वाफ व्हेपोरायझरमध्ये करावी लागते. हायवेवर तासाला चार किलो गॅस जळत असेल, तर तासाला चार किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता तिथे हवी. नसेल तर आतला रबरी पडदा गारठून कडक होतो, द्रव गॅस तसाच इंजिनकडे सरकतो आणि इंजिन गुदमरून बंद पडतं.

दुसरं घराणं पाण्याचं. कार्ल बेंझ यांच्या 1886 च्या गाडीत पाणी उकळून उडून जायचं. 1888 मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत जागोजाग पाणी भरावं लागलं. 1901 च्या मर्सिडीझला विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर दिला. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या, तर पंपच नव्हता. गरम पाणी वर चढतं, गार खाली उतरतं, एवढ्यावर ते फिरायचं. 1930 च्या दशकात थंड देशांत याच पाण्याचा एक फाटा काढून गाडीच्या आत हीटर बसू लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर एलपीजीच्या गाड्या वाढल्या. 1950 च्या दशकात शिकागोच्या शहर बसगाड्या प्रोपेनवर धावल्या. इटलीत रेज्जो एमिलिया इथे 1954 मध्ये लांडी रेन्झो ही किट बनवणारी कंपनी उभी राहिली. 1960 च्या दशकात जपानच्या टॅक्सी एलपीजीकडे वळल्या. अशा गाड्यांत दोन्ही घराण्यांची सोयरीक जमली: इंजिनला नको असलेली उष्णता गॅसला हवी होती. आपल्याकडे घरगुती सिलिंडर गाडीत चोरून वापरला जायचा. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने 2000 साली एलपीजीला वाहनाचं इंधन म्हणून मान्यता मिळाली.

दुरुस्तीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की इंजिन कूलंटला जेवढी उष्णता देतं, तिच्यातला शेकडा पाच भागही व्हेपोरायझरला लागत नाही. म्हणजे इंजिन नीट तापत असेल, तर उष्णता कमी पडत नाही. ती पोहोचत नाही.

का पोहोचत नाही, त्याची कारणंही या कुळातूनच आलेली आहेत. हवा वर जाऊन बसते. व्हेपोरायझर रेडिएटरच्या वरच्या पातळीहून उंच बसवला, तर फाट्यात एअर लॉक होतो आणि पंप असूनही पाणी पुढे सरकत नाही. कूलंट थोडं कमी झालं, तरी पहिली हवा याच उंच जागी भरते. म्हणून व्हेपोरायझर खाली घ्यायचा, कूलंट भरायचं आणि हवा पूर्ण काढायची. दुसरं कारण हीटरकडून येतं. व्हेपोरायझर हीटरच्या लाइनीत एकापुढे एक जोडला असेल आणि हीटरचा कॉक त्याच वाटेवर असेल, तर कॉक बंद करताच गॅसचं पाणीही बंद होतं. महाराष्ट्रात हीटर फारसा लावला जात नाही, त्यामुळे हा दोष महिनोन्‌महिने दडून राहतो. टी-जोड टाकून फाटा वेगळा काढला, की हा प्रश्न मिटतो. तिसरं कारण पाणीच. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरत राहिलं, तर व्हेपोरायझरच्या अरुंद वाटा क्षार आणि गंजाने बुजतात.

तपासणी हातानेच सुरू होते. इंजिन तापल्यावर, फॅनपासून हात सांभाळून, दोन्ही होज चाचपायचे. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय. एक गरम आणि एक गार असेल तर वाट अडली आहे. दोन्ही कोमटच राहिले तर थर्मोस्टॅट बघायचा. ‘आपल्या हवेत कशाला लागतो’ म्हणून तो काढून टाकायची पद्धत आहे. तसं केलं, की इंजिन उशिरा तापतं आणि व्हेपोरायझर गारठतो. एक्स्पान्शन टाकीत बुडबुडे आणि गॅसचा वास येत असेल, तर व्हेपोरायझर आतून फुटलेला असू शकतो. अशा वेळी टाकीचा व्हॉल्व्ह लगेच बंद करायचा आणि गाडी मोकळ्या हवेत ठेवायची, कारण हा गॅस हवेहून जड असतो आणि खाली साठतो.

द्रव गॅस थेट इंजिनात फवारणाऱ्या नव्या प्रणालींत व्हेपोरायझरच नसतो आणि हा फाटाही नसतो. बाकी गाड्यांत मात्र हजारोंचं नवं किट घेण्याआधी या दोन होज पाइपांवर हात ठेवून बघायला हवा. खर्च काही नाही, आणि पुष्कळदा दोष तिथेच हाती लागतो.