इंजिन निकामी होणे, उड्डाणातील (प्रवासी विमाने)

दोन वा अधिक इंजिनांच्या विमानातील एका इंजिनाचा जोर उड्डाण चालू असताना नाहीसा होणे. उरलेल्या इंजिनावर विमान उडू शकते. तसे सिद्ध झाल्याखेरीज त्याला प्रमाणपत्रच मिळत नाही.

कार्यपद्धती : धावपट्टीवर ‘व्ही-वन’ हा वेग गाठण्यापूर्वी बिघाड झाल्यास उड्डाण सोडतात, त्यानंतर झाल्यास हवेत जाणेच सुरक्षित. चालू इंजिनामुळे विमानाचे नाक बंद इंजिनाकडे वळू लागते. वैमानिक पायाने पेडल दाबून सुकाणूने ते सरळ राखतो, चाके आत घेतो आणि पुरेशी उंची आल्यावरच इंधन तोडणे, आगशामक सोडणे ही कामे करतो. चाके मिटल्यावर दुइंजिनी जेटला किमान 2.4 टक्के चढण जमलीच पाहिजे. खूप उंचावर बिघाड झाल्यास विमान सावकाश खालच्या पातळीवर येते. दख्खनच्या पठारावर ही अडचण नव्हे, हिमालयावर मात्र सुटकेचा मार्ग आधी आखावा लागतो.

मुंबई, 1976 : जोर जाण्यापेक्षा इंजिन फुटणे घातक. 12 ऑक्टोबर 1976 रोजी इंडियन एअरलाइन्सचे मद्रासला जाणारे कॅरॅव्हेल विमान (उड्डाण 171, व्हीटी-डीडब्ल्यूएन) सांताक्रूझहून निघताच त्याचे उजवे इंजिन फुटले. कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्यातील तबकडीला वारंवारच्या ताणाने भेग गेली होती. तुकड्यांनी इंजिनाचे कवच फोडले, इंधननळ्या तुटल्या, इंधन वाहत राहिले व आग पसरली. परत फिरलेल्या विमानातील हायड्रॉलिक द्रव संपला, नियंत्रणे निकामी झाली आणि ते धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. 95 जण दगावले. त्यांत मल्याळम अभिनेत्री राणी चंद्रा होत्या. या मार्गावर आधी बोइंग 737 जायचे होते. ते नादुरुस्त निघाले. कॅरॅव्हेलची दोन्ही इंजिने शेपटीजवळ, धडाला लागून असल्याने एक बंद पडले तरी नाक फारसे वळत नाही, म्हणजे पाठ्यपुस्तकी अर्थाने हा सोपा बिघाड होता. सुटलेले पाते कवचाने अडवावे असा नियम आहे; फुटलेली तबकडी अडवेल इतके जाड कवच विमानाला पेलत नाही. म्हणून तुकड्यांच्या संभाव्य वाटेत महत्त्वाच्या नळ्या एकत्र येऊ न देण्यावर भर असतो.

समुद्रावरील उड्डाणे : दुइंजिनी विमानांनी (एका इंजिनावरील वेगाने) विमानतळापासून 60 मिनिटांच्या आत राहावे ही मर्यादा 1985 पासून शिथिल होत गेली.

अलीकडील घटना : 19 मे 2022 रोजी मुंबई–बेंगळुरू मार्गावरील एअर इंडियाचे ए-320 निओ एक इंजिन बंद पडल्याने 27 मिनिटांत मुंबईस परतले. 16 जुलै 2025 रोजी इंडिगोचे दिल्ली–गोवा विमान अशाच कारणाने मुंबईत उतरले.

दोन्ही इंजिने बंद पडणे : पहा – अहमदाबाद विमान अपघात, 2025.