मळवलीचा छापखाना आणि पडद्यावरची पहिली मोहिनी

लोणावळ्याची लोकल मळवलीला थांबते तेव्हा बहुतेक प्रवाशांची नजर कार्ले-भाजे लेण्यांच्या डोंगरांकडे जाते. मला आठवतो तो इथला छापखाना. राजा रविवर्मा यांनी मुंबईत काढलेला प्रेस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळवलीला आला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. इथे दगडांवरून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत पोहोचल्या.

याच प्रेसच्या कामाशी धुंडिराज गोविंद फाळके जोडलेले होते. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून 1906च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. पौराणिक स्त्री चित्रात कशी उभी राहते, कशी बसते, हे त्यांच्या डोळ्यांत तिथेच मुरले असावे, असे मला वाटते.

पण कागदावरची देवी मिळणे सोपे होते, कॅमेऱ्यापुढे बाई मिळणे कठीण. 3 मे 1913 रोजी गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके. फाळक्यांनी कलावंतिणींनाही विचारून पाहिले होते. त्यांनीही नकार दिला. सिनेमात तोंड दाखवणे त्यांनाही कमीपणाचे वाटले, यावरून काळाची कल्पना यावी!

त्याच वर्षी, फाळके नाशिकला गेल्यावर, ‘मोहिनी भस्मासुर’साठी मायलेकी पुढे आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला मोहिनी. कमलाबाईंना ‘पहिली नायिका’ म्हणून मान मिळतो आणि तो योग्यच आहे. दुर्गाबाई मात्र बहुधा एका ओळीत उरकल्या जातात, हे मला खटकते. नवऱ्यापासून वेगळे होऊन, पदरी मूल घेऊन फिरत्या नाटक कंपनीत शिरण्याचा निर्णय त्यांचा होता. त्या काळी एकट्या बाईपुढे धुणीभांडी किंवा त्याहून वाईट असे दोनच रस्ते असत. त्यांनी तिसरा काढला, म्हणून कमला चौथ्या वर्षीच रंगभूमीवर उभी राहिली.

पुढे कमलाबाईंचे लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झाले. हे गायक नट स्त्रीभूमिका करत आलेले. घरच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत आता खरी बाई नायिका झाली आणि नवरा तिच्यासमोर नायक! स्त्रीभूमिका पुरुषांनीच कराव्यात, असा आग्रह धरणाऱ्या प्रेक्षकांपुढे हे चालले होते.

संसार फार टिकला नाही. ऐन पंचविशीत कमलाबाई विधवा झाल्या, तिसरे मूल पोटात होते. त्यांनी नाटक सोडले नाही. सोडून खाणार काय? पुढे पुरुषभूमिकाही केल्या, बोलपटांतही कामे केली. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत आणि नातू विक्रम गोखले मराठी वाचकांना वेगळे सांगायला नकोत.

‘मोहिनी भस्मासुर’ आज पाहायला मिळत नाही. मळवलीचा प्रेसही 1972च्या आगीत गेला. कमलाबाई मात्र 1980च्या ‘गहराई’त दिसतात, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्यात त्या पुण्यातल्या घरी बसून स्वतःच बोलतात.