विश्वाचा विस्तार आणि श्रद्धा : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले दोन ज्योतिर्विद पत्रांतून वाद घालत होते. एक डेन्मार्कचा टायको ब्राहे, त्या काळातला सर्वांत काटेकोर निरीक्षक. दुसरा जर्मनीतल्या कासेलच्या दरबारातला क्रिस्टोफ रोथमान, कोपर्निकसच्या मताचा. टायकोचा आक्षेप असा होता : पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहताना ताऱ्यांच्या जागा किंचित सरकलेल्या दिसायला हव्यात. तशा त्या दिसत नाहीत. म्हणजे एक तर पृथ्वी स्थिर आहे, किंवा तारे शनीच्याही निदान सातशे पट पलीकडे आहेत आणि मधली सगळी जागा रिकामी आहे. शिवाय इतक्या दूर असूनही ज्यांचे बिंब डोळ्यांना जाणवते ते तारे पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेएवढे थोर असावे लागतील. टायकोला हे पटण्यासारखे नव्हते. रोथमानने यावर गणित मांडले नाही. यात अशक्य ते काय, असे त्याने विचारले. निर्माता अनंत आहे, तेव्हा त्याची निर्मिती कितीही मोठी मानली तरी त्याच्यापुढे ती लहानच ठरणार.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला हा वाद मुद्दाम आधी सांगितला आहे. विज्ञान विश्व वाढवत गेले आणि धर्म ते आटोपशीर ठेवण्यासाठी धडपडत राहिला, ही गोष्ट आपल्या मनात पक्की बसलेली असते. इथे मात्र मोठ्या विश्वाच्या बाजूने देवाला साक्षीला बोलावले आहे आणि विरोधकाच्या हाती निरीक्षणे आहेत. पुढे कळले की ताऱ्याचे दिसणारे बिंब हा प्रकाशामुळे होणारा आभास आहे. टायकोची मापे फसवी होती. रोथमानचा निष्कर्ष खरा ठरला, पण त्याने दिलेल्या कारणामुळे नाही.

विश्व केवढे आहे या आकड्यातून देवाविषयी आपोआप काहीच निघत नाही. आकडा आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एक गृहीतक दडलेले असते : मोठे ते महत्त्वाचे, मध्यभागी ते मानाचे, जे आपल्यासाठी केले ते आपल्या मापाचे असणार. एकाच आकड्यावरून एक जण देवळाकडे वळतो आणि दुसरा देवळाबाहेर पडतो, त्याचे कारण या गृहीतकात असते. ते हुडकणे, ते कुठून आले हे पाहणे आणि ते टिकते का याची परीक्षा करणे, हे या अभ्यासविषयाचे काम. त्याला खगोलशास्त्र लागते, धर्मांचा इतिहास लागतो आणि तत्त्वज्ञानाची शिस्त लागते. तिन्हींत पारंगत असणे कोणालाच जमत नाही. म्हणून नवख्याने इथे बिचकण्याचे कारण नाही.

आधी आकड्यांचा इतिहास थोडक्यात. टॉलेमीच्या परंपरेत ताऱ्यांचा गोल पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे २०,००० पट अंतरावर मानला जाई. आजच्या मापाने ते १२-१३ कोटी किलोमीटर भरतात. सूर्यच आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे जुने अवघे विश्व पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या जागेतच संपत होते. १८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा पराशय मोजला, म्हणजे टायकोला न सापडलेले ते सरकणे, आणि तो तारा दहा-अकरा प्रकाशवर्षे दूर असल्याचे दाखवले. १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानी दीर्घिकेत एक रूपविकारी तारा सापडला. त्यावरून ती दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर असल्याचे सिद्ध झाले. आज निरीक्षणाच्या कक्षेतल्या विश्वाचा व्यास सुमारे ९,३०० कोटी प्रकाशवर्षे आणि वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

या आकड्यांनी माणसाला प्रथमच त्याची जागा दाखवली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. आकाशाच्या मानाने पृथ्वी हा केवळ एक बिंदू आहे, हे टॉलेमीने दुसऱ्या शतकात मांडले होते. सहाव्या शतकात मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात लिहिणाऱ्या बोएथियसने त्याच बिंदूवरून कीर्तीचा फोलपणा दाखवला, आणि मध्ययुगातल्या भाविकांनी त्याचा ग्रंथ शतकानुशतके वाचला. मध्यभागी असणे हाही तेव्हा बहुमान नव्हता. त्या विश्वरचनेत वर जावे तसे पावित्र्य वाढे; केंद्र म्हणजे सर्वांत खालची जागा, आणि दान्तेने नरकाचा तळ नेमका तिथे ठेवला आहे. कोपर्निकसने माणसाला सिंहासनावरून खाली ओढले ही कथा त्याच्या समकालीनांना ओळखू आली नसती.

मग ख्रिस्ती श्रद्धेला खरी ठेच कुठे लागली? जागेच्या विस्तारापेक्षा जगांच्या संख्येपाशी. देव एकदाच, एकाच ठिकाणी मनुष्यरूपाने आला, हा त्या श्रद्धेचा गाभा. जगे अनेक असतील आणि तिथेही कोणी राहत असेल, तर त्यांच्या उद्धाराचे काय? इथेही चर्चची भूमिका एकसुरी नव्हती. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरवली. देवाला अनेक जगे निर्माण करता येणार नाहीत, हे विधान त्यांतलेच एक. देवाच्या सामर्थ्याला मर्यादा घालणे बिशपला मान्य नव्हते. १४४० मध्ये विश्वाला केंद्रच नाही असे लिहिणारा निकोलस ऑफ कूसा पुढे कार्डिनल झाला. १६०० मध्ये रोममध्ये जर्दानो ब्रुनोला जिवंत जाळले. त्याच्यावरच्या आरोपांत अनंत जगांचे मतही होते, पण ख्रिस्ताच्या देवत्वासारख्या मूळ सिद्धांतांवरचे आक्षेपही होते. दोन्ही बाजू डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय ते प्रकरण समजत नाही.

एकोणिसाव्या शतकातला वाद याहून रंजक आहे. अनेक जगे आणि ख्रिस्ती धर्म एका मनात नांदू शकत नाहीत, असे टॉमस पेनने आधीच, १७९४ मध्ये, ठणकावून लिहिले होते. ग्लासगोचा धर्मोपदेशक टॉमस चामर्स याची १८१७ मध्ये छापलेली व्याख्याने त्यावरचे गाजलेले उत्तर. दुर्बिणीने माणूस क्षुद्र वाटू लागला त्याच काळात सूक्ष्मदर्शकाने पाण्याच्या थेंबातली सृष्टी दाखवली, आणि तिथेही तीच कारागिरी दिसली; मोठ्याचा सांभाळ करताना लहानाकडे दुर्लक्ष होते, हे माणसाच्या अनुभवावरून देवावर लादलेले बंधन आहे, असा त्याचा युक्तिवाद. १८५३ मध्ये विल्यम ह्यूएलने वेगळी वाट धरली. भूगर्भशास्त्राने दाखवले की पृथ्वीच्या आयुष्यात माणसाचा काळ अगदी थोडा आहे. काळाचा एवढा अफाट पट्टा माणसाविना गेला असेल, तर अवकाशाचा अफाट पट्टाही वस्तीविना असायला हरकत कसली? रिकामेपणाचा आक्षेप त्याने रिकामेपणाच्याच दुसऱ्या उदाहरणाने परतवला.

आजच्या तत्त्वज्ञानात हाच प्रश्न अधिक नेटका मांडला जातो. ब्रिटिश तत्त्वज्ञ निकोलस एव्हरिट याने २००४ मध्ये असा युक्तिवाद केला : माणसाला विशेष महत्त्व देणारा देव असेल, तर विश्व माणसाच्या मापाचे असेल अशी अपेक्षा धरणे वाजवी आहे, ते तसे नाही, म्हणून विश्वाचे आकारमान देवाच्या विरोधातला पुरावा ठरते. त्याला एक उत्तर भौतिकशास्त्रातून येते. आपल्या शरीरातला कार्बन आणि ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. तारे जन्मून, जळून, ती द्रव्ये अवकाशात विखरायला अब्जावधी वर्षे लागतात. प्रसरण पावणाऱ्या विश्वात जितका काळ लोटेल तितका विस्तार वाढतो. म्हणजे आपण असण्यासाठी विश्व जुने, आणि म्हणून मोठे असावे लागते. यावर प्रत्युत्तरही तयार आहे : सर्वशक्तिमानाला ताऱ्यांच्या भट्टीची गरज काय? वाद इथे थांबत नाही, पण तो कशाबद्दल आहे हे स्पष्ट होते. चर्चा किलोमीटरवरून सरकून, देव कोणत्या रीतीने काम करतो असे आपण मानतो, या प्रश्नावर येते.

शास्त्रज्ञ आणि धर्मगुरू एकाच देहात असलेला जॉर्ज लमेत्र इथे वाट दाखवतो. बेल्जियमच्या या पाद्र्याने १९२७ मध्ये प्रसरणशील विश्वाची मांडणी केली आणि १९३१ मध्ये एका आद्य अणूची कल्पना सुचवली. १९५१ मध्ये पोप बारावा पायस याने नव्या विश्वशास्त्रात निर्मितीच्या क्षणाची साक्ष पाहिली, तेव्हा अस्वस्थ झाला तो लमेत्रच. सिद्धांत उद्या बदलेल. त्यावर श्रद्धा टेकवू नये आणि श्रद्धेवर सिद्धांत टेकवू नये, ही त्याची धारणा होती.

आता आपल्याकडे वळू. भारतीय परंपरांना मोठे आकडे परके नाहीत. बौद्ध ग्रंथांतल्या लोकधातूंचा, म्हणजे जगांचा, हजाराच्या घनाने, म्हणजे १०० कोटींनी, गुणाकार होतो. जैनांनी संख्येय, असंख्येय आणि अनंत असे गणनेचे वर्ग पाडले. पुराणांत ब्रह्मांडेच असंख्य आहेत. योगवासिष्ठातल्या लीलेच्या कथेत तर एका ब्राह्मणाच्या लहानशा घरातल्या आकाशात अख्खे राज्य सामावते. जिथे आकारमानच मनाचा खेळ मानले आहे, तिथे विस्ताराने दडपून जाण्याचा प्रश्नच वेगळ्या जागी जातो. बुद्धाने जग सान्त की अनंत हा प्रश्न अनुत्तरित ठेवला. दुःखनिवृत्तीला त्याचा उपयोग नाही, हे त्याचे कारण. हीसुद्धा एक भूमिका आहे, आणि ती पळवाट समजू नये.

पण इथला खरा ताण पुराणे आणि सिद्धांतज्योतिष, म्हणजे गणिती ज्योतिष, यांच्यात होता. पुराणांतली पृथ्वी सपाट, सात द्वीपांची, मध्ये मेरू असलेली. सिद्धांतांतली गोल आणि निराधार. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत आकाशकक्षेचा परिघ १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने दिला आहे. त्यांच्याच मापाने पृथ्वीच्या परिघाच्या सुमारे पावणेचार लाख कोटी पट. हा आकडा हवेतून आलेला नाही. सगळे ग्रह सारख्याच वेगाने योजने तोडतात असे गृहीत धरून चंद्राच्या कक्षेला एका कल्पातल्या त्याच्या फेऱ्यांनी गुणले की तो मिळतो. काहींनी तोच ब्रह्मांडाचा परिघ मानला होता. भास्कराचार्य मात्र तो आकडा ब्रह्मांडाच्या गळ्यात बांधत नाहीत. ब्रह्मांड तेवढे असेल किंवा नसेल. एका कल्पात ग्रह जेवढी योजने चालतो तेवढाच या संख्येचा अर्थ, असे ते नोंदवतात. गणिताने काय मिळाले आणि परंपरेने त्यावर काय चढवले, हे त्यांनी बाराव्या शतकात वेगळे केले. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाची नोंद आहे.

पुढच्या पिढ्या सगळ्या याच वाटेने गेल्या नाहीत. गोदाकाठच्या पार्थपूरच्या ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास सिद्धांतसुंदर लिहिला आणि गोल पृथ्वी कायम ठेवून पुराणवचनांना त्यात जागा करून देण्याचा प्रयत्न केला. १८३६ मध्ये सिहोरच्या सुबाजी बापूंनी पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना करणारा सिद्धांतशिरोमणिप्रकाश मराठीत प्रसिद्ध केला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या साऱ्या परंपरेचा आजही आधारभूत इतिहास आहे. म्हणजे हा विषय मराठीत आपण आज आणत नाही आहोत. तो इथे होताच, मधल्या काळात त्याच्याकडे पाठ फिरली एवढेच.

एक सावधगिरी. कल्पाची ४३२ कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षांचे वय जवळजवळ ठेवून पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे सांगण्याची हौस आपल्याकडे फार. कल्प हा ग्रहांच्या फेऱ्या पूर्ण अंकांत बसवण्यासाठी घेतलेला काळ. पृथ्वीचे वय किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयावरून मोजलेले. दोन आकडे शेजारी आले म्हणून त्यांचा गोत्रसंबंध जुळत नाही. असे दावे करणारे आणि एका दुर्बिणीने सगळे धर्म निकालात निघाले असे म्हणणारे, दोघेही आकड्याकडून त्याच्या ताकदीबाहेरचे काम करून घेतात.

म्हणून या विषयातले काहीही वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. लेखक कोणत्या विस्ताराबद्दल बोलतो : जागेच्या, काळाच्या की जगांच्या संख्येच्या? तो कोणत्या धर्माच्या कोणत्या विधानाला हात घालतो? कारण अवताराच्या एकमेवपणाला बसणारा धक्का बौद्ध विचाराला जाणवतही नाही. आणि आकड्यावरून निष्कर्षाकडे जाताना त्याने मूल्याविषयी काय गृहीत धरले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखक बहुधा देत नाही. ते वाचकालाच काढावे लागते.

काम भरपूर पडले आहे. सिद्धांतग्रंथांवरच्या टीका अजून पुरत्या अभ्यासल्या गेलेल्या नाहीत. १८४० च्या ‘दिग्दर्शन’ मासिकापासून एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नियतकालिकांनी नव्या खगोलाची ओळख कशी करून दिली आणि भाविक वाचकांनी ती कशी पचवली, याचा सलग इतिहास लिहिण्याजोगा आहे. दुसरीकडे नारायणगावजवळच्या खोडदच्या तीस तबकड्या दूरच्या दीर्घिकांचे रेडिओ संकेत टिपत आहेत, आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या सरस्वती महासमूहाचा शोध जाहीर केला. संस्कृत, मराठी आणि खगोलशास्त्र यांपैकी एक जरी येत असेल, तरी या विषयात शिरायला तेवढे भांडवल पुरते. बाकीचे शिकत जाता येते, आणि शिकवायला तयार असलेले ग्रंथ आहेत.