साडेसहाशे डॉलरचं यंत्र आणि एक हट्टी इंजिनिअर

ग्लुकोमीटर आपल्याकडे आता मिक्सरइतका घरचा झालाय. बाबा सकाळी बोटाला टोचून आकडा बघतात आणि चहात साखर पडणार की नाही, ते आई ठरवते :) पण हे यंत्र पेशंटच्या हातात द्यायचंच नाही, असा एक काळ होता. तो बदलण्यात आपल्याच जातकुळीतल्या एका माणसाचा, म्हणजे इंजिनिअरचा, मोठा वाटा आहे.

त्याआधी घरी तपासायची ती लघवी. बेनेडिक्टचं निळं द्रावण घालून गरम करायची आणि रंग बघायचा. हिरवा म्हणजे थोडी साखर, विटकरी म्हणजे भरपूर. गोची अशी, की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. आणि उतरते तीही काही तासांपूर्वीची. थोडक्यात, सर्व्हर पडून गेल्यावर लॉग वाचत बसायचं! साखर धोकादायकरीत्या खाली गेली, तर हा लॉग अवाक्षर बोलत नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एम्स कंपनीने रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी काढली आणि मग तो रंग वाचणारं यंत्र. वजन सुमारे तीन पौंड, किंमत साडेसहाशे डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टर-हॉस्पिटलना.

इथे रिचर्ड बर्नस्टाईन येतात. पेशाने इंजिनिअर. बाराव्या वर्षापासून टाईप-१ डायबेटीस, आणि पस्तिशीतच शरीराची पडझड सुरू झालेली. १९६९ मध्ये त्यांनी या यंत्राची जाहिरात पाहिली. पेशंटला मिळणार नाही म्हटल्यावर त्यांनी काय केलं? बायको डॉक्टर होती. तिच्या नावाने मागवलं!

मग गडी रोज पाच-सहा वेळा साखर मोजायला लागला. दिसलं काय, तर डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाळूनही साखर एकाच दिवसात ४० च्या खाली आणि ४०० च्या वर झोके घेत होती. मग आपण करतो तेच त्यांनी केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मोजायचं. इन्शुलिनचे डोस छोटे केले, विभागले, जेवणातले कर्बोदके कमी केले. साखर स्थिरावली, तब्येत सुधारायला लागली.

हे सगळं त्यांनी लिहून काढलं, पण वैद्यकीय नियतकालिकांनी छापलं नाही. एका पेशंटचा डेटा, तोही इंजिनिअरचा, कोण वाचणार? तेव्हा या माणसाने १९७९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मेडिकल कॉलेजात नाव घातलं. १९८३ मध्ये डॉक्टर झाले. २०२५ मध्ये नव्वदी गाठून गेले.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. एका माणसाचा अनुभव हा पुरावा नव्हेच. तो आला १९९३ मध्ये, डीसीसीटी या अमेरिका-कॅनडातल्या १४४१ पेशंटच्या चाचणीतून. वारंवार मोजून साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मात्र साखर एकदम खाली जाण्याचे गंभीर प्रसंग जवळपास तिप्पट झाले. फुकट काहीच मिळत नाही.

आणि आज? मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दंडाला चिकटवायचा सेन्सर चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. डायबेटीस नसलेली मंडळीही तो लावून इडली खाल्ल्यावर आलेख किती चढला ते मोबाईलवर बघतात. जेवल्यावर साखर थोडी चढणारच हो, शरीर तसंच चालतं! निरोगी माणसाला या आलेखाचा फायदा होतो, याचा भक्कम पुरावा अजून नाही.

मला दोन्हींतला फरक यंत्राचा वाटत नाही. बर्नस्टाईनकडे आधी प्रश्न होता आणि प्रत्येक आकड्यानंतर करण्यासारखं काहीतरी होतं, इन्शुलिन कमी-जास्त करणं किंवा ताट बदलणं. आपण आधी आकडा विकत घेतो, मग त्याला साजेशी काळजी शोधतो. आपल्या शरीराचा आकडा बघायचा हक्क त्यांनी झगडून मिळवला, आणि तो आपल्याकडे असायलाच हवा. फक्त पुढचा सेन्सर मागवण्याआधी स्वतःला विचारा : आकडा वाईट आला, तर उद्या सकाळी मी नेमकं काय वेगळं करणार आहे?