येणे बाकी

दादा वारले तेव्हा मी अकरावीत होतो. जनाज्याची नमाज उभी राहण्याआधी अब्बा सफांसमोर आले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, मरहूमांकडे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर सांगा, मी त्यांचा मुलगा आहे, फेडायची जबाबदारी माझी. त्या वेळी कुणी बोललं नाही. पण पुढच्या आठवडाभरात तीन माणसं घरी आली. एक सूतवाला, एक सायझिंगवाला आणि एक लूमचे सुटे भाग विकणारा. तिघांच्या हातात चिठ्ठ्या होत्या. तारीख, माल, रक्कम आणि खाली दादांची सही. अब्बांनी तिघांचे पैसे दिले. वारसांत काही वाटायच्या आधी कर्ज फेडायचं असतं, त्यात चर्चेला जागा नव्हती.

मग दादांची वही उघडली. 'येणे' या सदराखाली सात नावं होती. नावांसमोर रकमा होत्या, दोनच ठिकाणी तारखा होत्या आणि सही एकाही ठिकाणी नव्हती. बेरीज केली तर ती आम्ही फेडलेल्या देण्याच्या दुपटीहून जास्त भरली. त्या सातांपैकी कुणीही घरी आलं नाही. अब्बा स्वतः दोघांकडे गेले. एकाने चहा पाजला, दादांच्या इमानदारीचे गोडवे गायले आणि हिशेब मागेच चुकता झाला होता असं सांगितलं. दुसरा भेटलाच नाही.

दादा मालेगावातले आठ लूमचे मालक. मोहल्ल्यात त्यांना सगळे सेठ म्हणायचे. घेतलेल्या प्रत्येक गोष्टीवर सही करणाऱ्या या माणसाने दिलेल्या मालावर कुणाची सही का घेतली नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत राहिला. घरातलं उत्तर ठरलेलं होतं: दादा भोळे होते. विणकरांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की हा एका माणसाच्या स्वभावाचा मामला नाही. लहान कारखानदाराने सही मागायची नाही, ही रीत फार जुनी आहे.

आमचे पूर्वज उत्तरेतून आले. अवध, बनारस, आझमगड, मऊ या भागातले मोमीन विणकर एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडे सरकत गेले. गिरण्यांच्या स्वस्त कापडाने त्यांचा बाजार मोडला होता, १८५७ नंतरच्या धरपकडीने आणि पुढच्या दुष्काळांनी उरलंसुरलं संपवलं. मुंबई-आग्रा रस्त्याने आलेली ही माणसं बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी अशी थांबत गेली. काही नागपूरजवळच्या कामठीत स्थिरावली. मालेगावात मोसम नदी होती, नारोशंकराचा किल्ला होता आणि आजूबाजूला खानदेशाची बाजारपेठ होती.

त्यांनी इथे काय विणलं? लुगडी. नऊवारी, रंगीत सुताची, काठापदराची. खानदेशातल्या आणि वऱ्हाडातल्या शेतकरी बायांच्या अंगावरचं लुगडं अनेकदा मोमीन विणकराच्या मागावरून उतरलेलं असायचं. इथला मुसलमान मराठी संस्कृतीच्या बाहेरचा आहे असं कुणी म्हणालं की मला हे लुगडं आठवतं. त्यामागे धंद्याचं गणितही होतं. गिरणीला एकाच प्रकारचं कापड लांबच लांब विणणं परवडतं. काठ वेगळा, पदर वेगळा, गावागणिक रंगांची आवड वेगळी असलेलं लुगडं गिरणीला डोकेदुखीचं होतं. या फटीत हातमाग टिकला. १९०५ च्या स्वदेशी चळवळीने त्याला आणखी थोडा आधार दिला.

म्हणजे ग्राहक होता, हुन्नर होता, माग स्वतःचा होता. तरीही विणकर कर्जात का राहिला? कारण सूत त्याचं नव्हतं. सूत सावकार-व्यापारी उधार द्यायचा आणि तयार लुगडं त्यालाच विकायची अट असायची. सुताचा भाव तो लावणार, लुगड्याचा भावही तोच लावणार. विणकराच्या हातात पडायची ती मधली मजुरी. सरकारने १९४१ मध्ये डॉ. पी. जे. थॉमस यांच्या अध्यक्षतेखाली हातमाग आणि गिरण्यांची चौकशी करायला समिती नेमली. तिच्या अहवालात देशभरातल्या विणकरांचं हेच चित्र आहे: नावाला स्वतंत्र, प्रत्यक्षात महाजनाच्या हाताखाली. पुढे महायुद्धात सुताची टंचाई झाली, १९४३ मध्ये सूत-कापडावर नियंत्रण आलं आणि सूत ज्याच्या ताब्यात त्याचा शब्द कायदा झाला.

मग यंत्रमाग आले. महाराष्ट्रातला पहिला यंत्रमाग इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये लावला. मालेगाव-भिवंडीत वीज पोचल्यावर तिथेही माग विजेवर चालू लागले. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने लूम विणकरांनी विकत घेतले, दुरुस्त केले आणि घराच्या पुढच्या खोलीत बसवले. सरकारचं मात्र ठरत नव्हतं. १९५४ मध्ये कानुनगो समिती म्हणाली, हातमागांचं हळूहळू यंत्रमागात रूपांतर करा. लगेच १९५५ मध्ये द. गो. कर्वे समितीने बजावलं, घाई केलीत तर हातमागवाल्यांचा रोजगार जाईल. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण परवानगीची वाट न पाहता यंत्रमाग वाढतच गेले.

इथे माझ्या मते लहान कारखानदाराच्या पायात बेडी पडली, आणि ती त्याने सवलत समजून घालून घेतली. चारपर्यंत यंत्रमाग असलेल्यांना त्या काळात उत्पादन शुल्कातून सूट होती. मग आठ लूमवाल्याने चार स्वतःच्या नावावर ठेवले, चार भावाच्या नावावर केले. सोळावाल्याने बायकोचं आणि मेहुण्याचं नाव घातलं. १९४८ चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा जास्त कामगार असणाऱ्या जागेला तेव्हा लागू व्हायचा, म्हणून हजेरीत नऊच्या वर नाव जाऊ द्यायचं नाही. एकाच छपराखाली मध्ये भिंत घालून दोन कारखाने व्हायचे. दादांचे आठ लूमसुद्धा कागदावर दोन कारखाने होते. अशोक मेहतांच्या अध्यक्षतेखालील यंत्रमाग चौकशी समितीने १९६४ मध्ये अहवाल दिला, तोवर हे तुकडे पडून गेले होते.

यात पैसे वाचले हे खरं. पण जो कारखाना कागदावर अर्धाच आहे, त्याला बँक कर्ज कशावर देणार? ज्याची उलाढाल वहीत एक आणि कागदावर दुसरी, त्याने आपल्या येण्याचा दावा कुठे लावायचा? लपून राहण्याची किंमत अशी की हक्क मागायलाही उजेडात येता येत नाही. व्यापाऱ्याला ही गोष्ट चांगली ठाऊक होती.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या थंडावल्या आणि कापडाची मागणी भिवंडी-मालेगावकडे वळली. आमच्या घरात त्या दिवसांची आठवण सुगीसारखी निघते. दादांनी शेवटचे दोन लूम तेव्हाच घेतले. परळ-लालबागच्या चुली विझत होत्या आणि आमच्या खोलीत रात्रपाळी सुरू झाली होती, हे मी नंतर वाचलं. त्या भरभराटीबद्दल बोलताना हेही बोललं पाहिजे. भिवंडीची गोष्ट तर अजून वेगळी. १९७० च्या मे महिन्यात दंगल झाली, १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा झाली. लहान धंद्याची सगळी पुंजी एका खोलीत असते. खोली जळाली की पिढी जळते. शिवाय परगावचा व्यापारी बिचकतो आणि उधारीची मुदत आखडते, ते नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

आता आठ लूमचा हिशेब एकदा मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, हिशेबाची रीत खरी आहे. एक साधा लूम दोन पाळ्यांत सत्तर मीटर कापड देतो असं समजा. आठ लूमचे झाले ५६० मीटर. मीटरला २५ रुपये भाव धरला तर रोज १४,००० रुपयांचं कापड बाहेर पडतं. व्यापारी दोन महिन्यांनी पैसे देणार असेल तर ८,४०,००० रुपये कायम बाहेर अडकलेले. इकडे सूत रोखीने किंवा थोड्या दिवसांच्या उधारीवर, मजुरांचा हप्ता दर गुरुवारी, कारण शुक्रवारी कारखाना बंद, आणि विजेचं बिल दर महिन्याला. आता मीटरमागे नफा ५० पैसे धरा. पैसे आणखी एक महिना लांबले आणि तेवढ्या रकमेवर महिना दीड टक्का खर्च बसला, तर मीटरमागे साडेसदतीस पैसे गेले. एका महिन्याच्या उशिराने पाऊण नफा खाल्ला. कापड चांगलं होतं, लूम चालू होते, गिऱ्हाईक होतं. तरीही कारखानदार बुडतो, आणि लोक म्हणतात त्याला धंदा जमला नाही.

म्हणून बरेच जण स्वतःचं सूत घेणं सोडून देतात आणि मजुरीवर काम धरतात. व्यापारी बीम आणि बाण्याचं सूत पाठवतो, कारखानदार विणून देतो, मजुरी पिकामागे पैशांत ठरते. एका इंचात आडवे धागे किती, ते पीक. पिकाला दहा पैसे दर असेल तर ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे ५ रुपये २० पैसे. त्यातून मजूर, वीज, भाडं, धोटे आणि तुटफूट भागवायची. जोखीम कमी झाली असं वाटतं. पण नीट पाहिलं तर आपण थॉमस समितीच्या पानावर परत आलेलो असतो. सूत त्याचं, कापड त्याचं, आपला फक्त माग.

एक कबुली दिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. वरून आलेला दाब दादांनी खाली दिला. त्यांचे मजूर बारा-बारा तास उभे असत. पगार मीटरवर, आजारी पडलं तर खाडा, प्रॉव्हिडंट फंडाचं नाव नाही. दादा त्यांच्या मुलींच्या लग्नात मदत करायचे, ईदला कपडे द्यायचे. पण तो उपकार होता, हक्क नव्हता. व्यापारी दादांशी ज्या तोंडी शब्दावर वागला, त्याच तोंडी शब्दावर दादा मजुरांशी वागले.

आपल्याकडे जलशांत, तकरीरीत तिजारतीची फजिलत सांगितली जाते. नोकऱ्या मिळत नाहीत तर धंदा करा, धंद्यात बरकत आहे. सांगणाऱ्यांच्या नियतीबद्दल मला शंका नाही. पण कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणती, हे या मजलिसीत क्वचितच सांगितलं जातं. ती नमाजची नाही, रोज्याची नाही. सूरह बकराची २८२ वी आयत आहे आणि ती उधारीच्या लेखी हिशेबाची आहे. मुदतीचं देणंघेणं असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, साक्षीदार घ्या, रक्कम छोटी आहे म्हणून कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. शिवाय मजकूर सांगायचा तो देणं लागणाऱ्याने. आमच्या बाजारात मात्र लिहून मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास, आणि तोंडी सौदा म्हणजे शराफत, असं उलटंच रूढ झालं.

आज कायदा या आयतीच्या बराच जवळ आला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद लागू झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही. उशिराबद्दल कायदा व्याज देतो. ते घ्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या दीनचा प्रश्न. पण आपली मूळ रक्कम वेळेवर मागण्यात व्याजाचा संबंध कुठे येतो?

माझा चुलतभाऊ आजही लूम चालवतो. मी त्याला म्हटलं, उद्यम नोंदणी कर, प्रत्येक मालाचं बिल दे, पोच घे. तो हसला. म्हणाला, "भाईजान, मी पोच मागितली तर पुढचं बीम शेजारच्या कारखान्यात जाईल." मला लगेच उत्तर सुचलं नाही, कारण तो खरं बोलत होता. एकट्याने मागितलेली सही महाग पडते, हे दादांनाही माहीत असणार. ते भोळे नव्हते. त्यांनी हिशेब केला होता, आणि तो हिशेब एकट्या माणसाचा होता.

पण शेजारच्यानेही पोच मागितली तर? इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांनी सहकारी सूतगिरण्या उभ्या केल्या, कारण सूत एकट्याच्या आवाक्यातलं नाही हे त्यांनी ओळखलं. आपल्याला उद्या गिरणी काढायची नाही. एका गल्लीतल्या वीस कारखानदारांनी मिळून एवढंच ठरवावं की पोचेशिवाय थान बाहेर जाणार नाही, आणि मजुराचा हप्ताही वहीत त्याच्या सहीने जाईल. मस्जिदीच्या कमिटीत आपण याहून अवघड गोष्टी ठरवतो.

मी माझ्या भावासाठी एक पोचपुस्तक छापून घेतलं आहे. कार्बन घातलं की दोन प्रती निघतात. गेल्या शुक्रवारी ते त्याला दिलं. त्याने चाळलं, कपाटात दादांच्या वहीवर ठेवलं आणि शेजारच्या कारखानदाराशी बोलतो म्हणाला. ते बोलणं झालं का, हे मी त्याला येत्या शुक्रवारी विचारणार आहे.