शंभरातले सत्तावीस

गणपतीत भाचा वसईला आला होता. जेवणं झाल्यावर गप्पा रंगल्या, आणि पेपरातल्या कुठल्याशा बातमीवरून तो म्हणाला, "मावशी, बलात्काराच्या खटल्यांत शंभरातले सत्तावीसच दोषी ठरतात. म्हणजे बाकीच्या तक्रारी खोट्याच ना?" घरातल्या बायका एकदम गप्प झाल्या. मीही तेव्हा काही बोलले नाही. म्हणून आज लिहिते आहे. (तो हे वाचतो, तेव्हा बाबा, रागावू नकोस.)

आकडा खरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात हे प्रमाण २७.४ टक्के दिले आहे. १९७३ साली ते ४४.३ होते. पण हे शंभर कोणते? तर त्या वर्षी ज्या खटल्यांचा निकाल लागला ते. २०२२ मध्ये देशात ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले, ते शंभर हे नव्हेत. बहुतेक खटले वर्षानुवर्षे पडून असतात, ते या भागाकारात येतच नाहीत. वर्गात कुणी छेदच चुकवला तर मी गणिताला गुण देत नसे!

आणि सुटला म्हणजे तक्रार खोटी, हे तर मुळीच नाही. इथे एक जुना खटला आठवतो, आपल्याच राज्यातला. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंजचे पोलीस ठाणे. ते तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत. एक पोरकी आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या मधले, भावाने केलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी तिथे आणलेली. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर पाठवले आणि तिला आत थांबवले. आरोपी होते तिथलेच दोन पोलीस. पुढे हा खटला मथुरा प्रकरण म्हणून ओळखला गेला.

१९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. ठाण्यात संबंध आला हे मान्य केले, पण बलात्कार सिद्ध झाला नाही म्हणाले. १९७६ साली नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. १९७८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडले. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही. पोलीस ठाण्यात कुणाला हाक मारायची होती तिने?

आता सांगा, ही एकच घटना तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात बसवायची? मुलगी तीच, रात्रही तीच, आणि निकाल तीन.

पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. मोर्चे निघाले, मुंबईत बायकांच्या संघटना उभ्या राहिल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरून चालायचे, असे ठरले. तिच्या स्वतःच्या खटल्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आकड्यांच्या गमती आणखीही आहेत. आपली वसई २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्यात, मग पालघरात. २०२० च्या ऑक्टोबरपासून पोलिसांच्या हिशेबी मिरा-भाईंदरला जोडलेली. तेव्हा इथे गुन्हे वाढले की घटले, हे सरळ तक्ते लावून कोण सांगणार? असो.

भाच्याला मला खरे तर वेगळेच सांगायचे होते. ऐंशीच्या दशकात माझ्या वर्गातली एक मुलगी सहामाहीनंतर यायची बंद झाली. आई दाखला न्यायला आली आणि व्हरांड्यात हलक्या आवाजात कारण सांगून गेली. माणूस नात्यातलाच होता. "बाई, पोलिसांत नको, धाकटीचं लग्न व्हायचंय." मी मान हलवली. दाखल्यात शाळा सोडण्याचे कारण लिहायचे असते, तिथे मी 'स्थलांतर' लिहिले. ते कुटुंब कुठेही गेले नव्हते. पुढे कितीतरी वर्षे ती आई मला बाजारात दिसायची, आणि आम्ही दोघी भाजीचे भाव बोलायचो.