मुखाची अधःश्लेष्मल तंतुमयता

तोंडाच्या अस्तराखालील थरात चिवट तंतू साचत जाऊन गाल, टाळू व ओठ ताठर करणारा आणि हळूहळू तोंड उघडेनासे करणारा दीर्घकालीन विकार. दंतवैद्यांच्या बोलण्यात तो ‘ओएसएमएफ’ असतो.

विकाराचे मुख्य कारण सुपारी. तंबाखूने कर्करोग होतो हे पुडीवरच छापलेले असते. त्यामुळे बिनतंबाखूची सुगंधी सुपारी निर्धोक, असा समज रूढ झाला आहे. तो साफ चुकीचा आहे. सुपारीतील अ‍ॅरेकोलीन हे अल्कलॉइड अस्तराखालच्या पेशींना जास्त कोलॅजेन तयार करायला लावते. तिच्यातील टॅनिनांमुळे हे कोलॅजेन सहजी विघटित होत नाही. शिवाय सुपारीत तांब्याचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे लायसिल ऑक्सिडेज या विकराची क्रिया वाढून कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट जखडले जातात. म्हणजे भर पडत राहते आणि निचरा मात्र थांबतो. वरचे अस्तर पातळ होते, खालचा रक्तपुरवठा आटतो.

विड्यात ओल्या पानाचा वाटा मोठा असतो, गुटखा व पानमसाल्यात मुख्यतः कोरडी सुपारीच. पुड्या स्वस्त झाल्या, शाळकरी मुलांच्या खिशात पोचल्या आणि एकेकाळी प्रौढांत आढळणारा हा विकार ऐन विशीतल्या तरुणांत दिसू लागला. विदर्भातला खर्रा आणि इतरत्र मिळणारा मावा यांत सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटलेले असतात. पूजेत गणपती म्हणून मांडली जाणारी, जेवणानंतर तबकातून पुढे येणारी सुपारी व्यसनात मोजण्याची आपल्याकडे रीत नाही. डॉक्टरांनी सवयी विचारल्या की ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी’ हे उत्तर म्हणूनच निःशंकपणे दिले जाते.

पहिले लक्षण म्हणजे तिखट खाल्ल्यावर होणारी आग. ठेचा, रस्सा सोडाच, साधी आमटीही झोंबते. कधी बारीक फोड येतात, तोंड कोरडे पडते किंवा लाळ सुटते. पुढे अस्तर संगमरवरासारखे पांढुरके दिसते आणि गालात बोटांना उभे ताठ पट्टे लागतात. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या रुग्णांची दोन, मग एक, आणि शेवटी घास भरवणेही कठीण होते. जीभ पुरेशी बाहेर येत नाही, पडजीभ आक्रसते, आवाज नाकातून येतो. तंतुमयता घशापर्यंत गेल्यास गिळताना त्रास होतो. कानाकडे जाणाऱ्या नलिकेवर परिणाम झाल्यास ऐकू कमी येते.

आधुनिक वैद्यकात या विकाराचे पहिले वर्णन श्वार्ट्झ यांनी 1952 मध्ये केले. त्यांचे पाचही रुग्ण केनियातील भारतीय स्त्रिया होत्या. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी टाळूच्या तंतुमयतेची नोंद केली. 1966 मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या संशोधिका सत्यवती सिरसाट यांनी ऊतकबदलांचा सविस्तर आढावा घेतला. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यातील रुग्णांच्या 17 वर्षांच्या पाठपुराव्यात 7.6 टक्क्यांना मुखकर्करोग झाल्याचे 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. हा विकार कर्करोगपूर्व अवस्थांत गणला जातो तो यामुळेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये खुद्द सुपारीलाच, तंबाखूविनाही, कर्करोगकारक ठरवले.

महाराष्ट्राने 2002 मध्ये घातलेली गुटखाबंदी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे गुटखा व पानमसाला यांवर पुन्हा बंदी आली. साधी सुपारी मात्र वाण्याच्या दुकानात पूर्वीसारखीच मिळते.

साचलेले तंतू पूर्णपणे विरघळवणारे औषध नाही. सुपारी सोडल्यास आग कमी होते व विकाराची वाढ मंदावते, पण ताठरपणा बहुधा राहतो. गालात स्टेरॉइड व हायल्युरोनिडेजची इंजेक्शने देतात आणि तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करून घेतात. तोंड फारच मिटले असेल तर पट्टे कापून तिथे गालातील चरबीचे किंवा नाकाशेजारील त्वचेचे रोपण करतात. या शस्त्रक्रियेत पहिली अडचण भूलतज्ज्ञाची असते, कारण श्वासनलिकेत नळी घालण्यापुरतेही तोंड उघडत नाही. ती नाकावाटे, दुर्बिणीच्या साहाय्याने घालावी लागते. नंतर व्यायाम थांबवले तर गाल पुन्हा आवळतात. सवय सुटली तरी कर्करोगाचा धोका उरतोच, म्हणून ठरावीक काळाने तोंडाची तपासणी चालू ठेवावी लागते. न भरणारा व्रण किंवा गाठ दिसल्यास तुकडा काढून तपासतात.